तापाला नाव मिळेपर्यंत

(सामुदायिक रेडिओच्या आरोग्य कार्यक्रमात एका बचत गटानं केलेलं भाषण. छापताना फक्त थोडी काटछाट केली आहे.)



आम्ही परंडा तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी आहोत आणि अकरा जणींच्या दारात मिळून साठ-सत्तर शेळ्या आहेत. सगळ्या आपल्याच उस्मानाबादी, काळ्या कुळकुळीत. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीचं नाव अजून उस्मानाबादीच आहे. ही शेळी दुष्काळात तगते, बऱ्याचदा जुळी करडं देते आणि अडीनडीला बाजारात उभी केली की हातात पैसा येतो. आमच्या गटाचे हप्ते शेळ्यांवरच फिटले आहेत.

आज आम्ही शेळीबद्दल बोलणार आहोत आणि तापाबद्दलही. एखाद्या तापाच्या मागं कोणता जंतू आहे हे कसं ओळखतात, कुणालाच माहीत नसलेला नवा जंतू सापडला तर त्याला नाव कसं मिळतं, आणि या सगळ्यात तुमच्याआमच्यासारख्या बाईचं काय काम, हे सांगायचं आहे. विषय शहाण्यासुरत्यांचा वाटेल, पण आम्ही त्यात एका घरच्या प्रसंगातून पडलो. म्हणून आधी तो प्रसंग.

आमच्या गटातली एक जण. नाव नको, तिनंच नको म्हटलंय, बाकी सगळं सांगा म्हणाली. मृगाच्या सुमाराला तिला बारीक ताप यायला लागला. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घाम सुटायचा, अंथरूण भिजायचं, पहाटे ताप उतरायचा. कंबर आणि गुडघे इतके दुखायचे की चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागायची. जेवण जाईना. सुरुवातीला तिनं अंगावर काढलं, आपण सगळ्याच काढतो तसं. मग जवळच्या दवाखान्यात गेली. तिथं सुई झाली, सलाईन झालं, रक्ताची एक तपासणी झाली आणि टायफॉईड आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. आठ दिवस बरं वाटलं. ताप परत आला. परत टायफॉईड, परत गोळ्या. असं तीन वेळा झालं.

तीन महिन्यांनी घरातली माणसं बोलायला लागली. दिसायला तर धडधाकट दिसते, हिला कामच नको झालंय. सासूबाईंनी दृष्ट काढली, तुळजापूरला ओटी भरून झाली. आणि खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा कमी केलं नाही. ती दोन बैठकांना आली नाही, हप्ता थकला, तेव्हा आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या की ही आता नाटकं करायला लागली. हे आम्ही रेडिओवर कबूल करतोय, कारण तुमच्या गटातही अशी एखादी असेल.

चौथ्या महिन्यात दोघी जणी तिला घेऊन सरकारी मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधीचे सगळे कागद पाहिले आणि तोवर कुणीच न विचारलेली गोष्ट विचारली.

“घरी जनावरं काय आहेत?”

“शेळ्या.”

“यंदा एखादी गाभडली का?”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “दोन. उन्हाळ्यात. अडलेलं करडू मीच हातानं ओढून काढलं. वारही मीच काढली.”

मॅडमनी रक्त घेतलं, एकदा नाही, दोनदा. बाटल्यांवर नाव-तारीख घातली आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं की घरी शेळ्या आहेत, गाभडल्या आहेत, अमुक रोगाची शंका आहे. काही दिवसांनी उत्तर आलं: ब्रुसेलोसिस. हा जनावरांकडून माणसाला होणारा रोग आहे. दोन औषधं एकत्र, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता घ्यायची होती. तिनं घेतली. आता ती बरी आहे, शेजारीच बसली आहे, आणि मी काय बोलले ते नीट सांगा म्हणून आम्हाला कोपरानं ढोसते आहे.

आम्ही मॅडमना विचारलं, “हा नवा रोग आलाय का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “रोग जुना आहे. तुमच्यापर्यंत त्याचं नाव पोचलं नव्हतं.” मग पुढच्या फेऱ्यांत आम्ही त्यांना विचारत गेलो, शाळेतल्या गुरुजींनी पुस्तकातून काढून दिलं, आणि जे समजलं ते असं.

युरोपच्या खाली समुद्रात माल्टा नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथं इंग्रजांची फौज असायची, आणि शिपायांना असाच चढउताराचा, महिनोन्‌महिने रेंगाळणारा ताप यायचा. लोक त्याला माल्टाचा ताप म्हणायचे. हवा वाईट म्हणून येतो, कुणी म्हणे घाणीमुळे येतो. डेव्हिड ब्रूस नावाचे लष्करी डॉक्टर तिथं नेमले गेले. या तापानं मेलेल्या शिपायांच्या पानथरीचा नमुना घेऊन त्यांनी त्यातून एक अगदी बारीक जंतू वाढवला. ते साल १८८७. त्यांच्या पत्नी मेरी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीनं काम करायच्या. सूक्ष्मदर्शकातून बघून चित्रं काढायचं काम त्यांचं असायचं.

जंतू सापडला, पण तो माणसात येतो कुठून, हे पुढं अठरा वर्षं कळलं नाही. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामिट यांनी बेटावरच्या शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला चांगल्या तंदुरुस्त होत्या. गवळी त्यांना गल्लोगल्ली फिरवायचे आणि दारातच धार काढून द्यायचे. तपासलं तर निम्म्या शेळ्यांच्या रक्तात या रोगाची खूण निघाली, आणि दहातल्या एकीच्या दुधात तो जंतू जिवंत मिळाला. पुढच्याच वर्षी शिपायांना शेळीचं दूध द्यायचं बंद झालं आणि छावणीतला ताप झपाट्यानं कमी झाला. हवेला उगाच बोल लागला होता. रोग दुधातून येत होता.

आता एका बाईची गोष्ट. आमच्या गटाला सगळ्यात जास्त हीच भिडली. ॲलिस इव्हान्स ही अमेरिकेत सरकारच्या दुग्धशाळा विभागात काम करायची. तेव्हा समज असा होता की माल्टाच्या शेळीचा जंतू वेगळा आणि गाई गाभडवणारा जंतू वेगळा. गाईच्या जंतूचा माणसाला काही धोका नाही. ॲलिसनं दोन्ही जंतू शेजारी शेजारी वाढवले आणि पडताळून पाहिले. दोघे सख्ख्या भावंडांसारखे निघाले. १९१८ साली तिनं ते छापलं आणि सांगितलं की गाईचं निरसं दूधही माणसाला आजारी पाडू शकेल. मोठमोठ्या पुरुष शास्त्रज्ञांनी ऐकून घेतलं नाही. असं असतं तर आधीच कुणाच्या लक्षात आलं नसतं का, म्हणाले. दूधधंद्यातल्या लोकांनाही ते रुचलं नाही.

१९२२ साली काम करता करता तिला स्वतःलाच या जंतूची लागण झाली. पुढं कित्येक वर्षं ताप येत-जात राहिला. तपासणीत काही सापडायचं नाही, आणि डॉक्टर म्हणायचे की हा आजार मनाचा आहे. मग एका शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या शरीरातून घेतलेल्या नमुन्यात तोच जंतू वाढला, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली. १९२८ साली अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संघटनेनं तिला अध्यक्ष केलं. त्या पदावरची ती पहिली बाई. आणि पुढं तिकडं दूध तापवून जंतू मारल्याशिवाय विकायचं नाही हा नियम पक्का होत गेला, त्यात तिच्या कामाचा मोठा वाटा होता.

हे ऐकल्यावर आमची मैत्रीण म्हणाली, “म्हणजे एवढ्या शिकलेल्या बाईलाही नाटकं करते म्हणाले!” आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो.

जंतूच्या या घराण्याला डॉक्टर ब्रूस यांच्यावरून ब्रुसेला हे नाव मिळालं. जंतूचं नाव दोन शब्दांचं असतं. आपल्यात आडनाव शेवटी येतं, जंतूंचं आडनाव आधी. आधी घराण्याचं नाव, मग त्याचं स्वतःचं. शेळीकडून येणारा तो ब्रुसेला मेलिटेन्सिस. माल्टाचं जुनं नाव मेलिता, त्यावरून. गाईचा तो ब्रुसेला ॲबॉर्टस, म्हणजे गाभडवणारा.

पण डोळ्यांना न दिसणारा जंतू अमुकच आहे हे ओळखायचं कसं? मॅडमनी आम्हाला विरजणाचं उदाहरण दिलं. दुधात चमचाभर विरजण घातलं की रात्रीत त्यातले जंतू वाढतात आणि दही लागतं. प्रयोगशाळेत तेच करतात. रुग्णाचं रक्त, थुंकी, लघवी किंवा पू घेऊन जंतूंना आवडेल अशा अन्नात घालतात आणि उबेत ठेवतात. याला कल्चर म्हणतात. काही जंतू एका दिवसात वाढतात. ब्रुसेला मात्र सावकाश वाढतो, कधी कित्येक दिवस घेतो. म्हणून आधीच सांगितलं नसेल तर काही वाढलं नाही असा शेरा मारून बाटली टाकून दिली जाऊ शकते. शिवाय हा जंतू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही चटकन लागतो, ॲलिसला लागला तसाच. त्यामुळं चिठ्ठीवर लिहिलेले ते चार शब्द, घरी शेळ्या आहेत, दोघांच्याही भल्याचे होते.

वाढलेल्या जंतूंपैकी एकच निवडून, त्याच्या एकट्याचीच पुन्हा वाढ करतात. आपण बियाण्यासाठी एकाच जातीचं कणीस निवडून ठेवतो तसं, भेसळ चालत नाही. मग त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: गोल आहे की लांबट, जांभळा रंग धरतो की गुलाबी. मग त्याला वेगवेगळी साखर, वेगवेगळं अन्न देऊन काय खातो, काय सोडतो ते बघतात. एवढ्यावर बरेचसे जंतू ओळखू येतात.

जे येत नाहीत त्यांची कुंडली वाचतात. प्रत्येक जीवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेली माहिती असते, तिला आपण डीएनए म्हणतो. सगळ्या जंतूंमध्ये एक तुकडा सारख्या कामाचा असतो, साधारण दीड हजार अक्षरांचा. त्याला सोळा-एस म्हणतात. कामाचा असल्यामुळं तो पिढ्यान्‌पिढ्या फार बदलत नाही, पण जातीजातीत थोडा फरक पडतोच. सापडलेल्या जंतूचा हा तुकडा वाचायचा आणि जगातल्या आजवरच्या ओळखीच्या जंतूंच्या यादीशी ताडून बघायचा. शंभरातली ९८.७ पेक्षा कमी अक्षरं जुळली, तर ही नवी जात असावी अशी शंका घेतात. मग अख्खी कुंडली वाचून खात्री करतात.

असा जंतू ओळखण्याचा प्रसंग आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच येऊन गेलाय. वयानं थोड्या मोठ्या मैत्रिणींना आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहाऱ्याकडची गावंही जमीनदोस्त झाली. त्यानंतर साधारण वर्षभरानं, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले, पिसवा फार झाल्या, आणि माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या. गाठीचा ताप! आजीच्या तोंडून ऐकलेला प्लेग. देशात १९६६ नंतर प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता, त्यामुळं अनेक तरुण डॉक्टरांनी तो कधी पाहिलाच नव्हता. भूकंपाच्या भीतीनं लोक घराबाहेर राहिले, घरात धान्य तसंच पडलं, म्हणून उंदीर माजले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं.

सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि तिथून लाखो माणसं हातातलं काम टाकून पळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात त्या साली देशात प्लेगचे ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. विमानं बंद झाली, व्यापार अडला. आणि त्याच वेळी जाणत्यांमध्ये वाद पेटला. कुणी म्हणे हा प्लेग, कुणी म्हणे प्लेग नव्हेच, दुसराच रोग. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या रुग्णांकडून आणि उंदरांकडून जपून ठेवलेल्या जंतूंचा तोच सोळा-एस तुकडा वाचला आणि २००० साली छापलं की हा यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू आहे. सहा वर्षांनी उत्तर देता आलं, कारण त्या गडबडीतही कुणीतरी नमुने घेऊन, वाढवून, जपून ठेवले होते.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. उत्तर येईपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवायचं नसतं; तेव्हाही शंकेवरूनच लगेच औषधं दिली गेली आणि ते बरोबरच होतं. पण औषधाच्या आधी नमुना घेतलेला असला पाहिजे, म्हणजे मागाहून तरी खरं काय ते कळतं.

आता नव्या जंतूचं नामकरण. नवा जंतू सापडला असं नुसतं सांगून कुणी मानत नाही. त्याचं सगळं वर्णन जंतुशास्त्राच्या मान्य पत्रिकेत छापावं लागतं. शिवाय तो जंतू जिवंत, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेव म्हणून द्यावा लागतो, म्हणजे जगातल्या कुणालाही तो मागवून तपासता येतो. बियाण्याची पेढी असते ना, तशी ही जंतूंची पेढी. आपल्या पुण्यात अशी एक मोठी पेढी आहे, नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स. आपल्याच लोकांच्या नमुन्यातून तिथं नवे जंतू ओळखले गेलेत. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या शौचाच्या नमुन्यातून एक नवी जात वेगळी काढली आणि २०१४ साली तिला नाव दिलं मेगास्फेरा इंडिका. इंडिका म्हणजे भारतातली. तो काही रोगाचा जंतू नाही, आतड्यात राहणारा आहे. पण बघा, शौचाच्या डबीतून देशाचं नाव जगाच्या यादीत गेलं.

रोगातून नवी जात सापडल्याचं उदाहरण आमच्या ब्रुसेलाच्याच घराण्यात आहे. अमेरिकेत एका वयस्कर बाईला ब्रुसेलोसिससारखा त्रास होत होता. तिच्या छातीवर शस्त्रक्रिया करून कृत्रिम स्तन बसवलेला होता आणि त्या जागी संसर्ग झाला होता. तिथल्या नमुन्यातून निघालेला जंतू ब्रुसेलासारखा होता, पण ओळखीच्या कुठल्याच ब्रुसेलाशी नीट जुळेना. तपास करता करता ती नवीच जात ठरली. २०१० साली तिला ब्रुसेला इनोपिनाटा हे नाव मिळालं. त्याचा अर्थ अनपेक्षित, ध्यानीमनी नसलेला. एका बाईच्या जखमेचा नमुना कुणी फेकून दिला नाही, जुळत नाही म्हणून सोडून दिला नाही, म्हणून त्या घराण्यात एक जात वाढली.

इथं आम्हाला एक प्रश्न पडला. यंत्र ज्या यादीशी ताडून बघतं, ती यादी बनली कशी? ज्यांचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचले, त्यांच्या जंतूंवरून. आमच्यातल्या कितीजणींचा नमुना आजवर तिथं गेला? ताप आला की सुई, सलाईन, गोळ्या, आणि उतरला की खुरपायला. कशानं आला होता हे कधी कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यामुळं आम्ही गटात काही नियम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

ताप आठवड्याच्या वर राहिला किंवा गोळ्या संपल्यावर परत आला, तर अंगावर काढायचा नाही. डॉक्टरांना सरळ विचारायचं, “औषधाआधी नमुना घ्यायचा का? कल्चर करायचं का?” विचारायला लाजायचं नाही. पण माणूस गळून गेला असेल, धाप लागली असेल, शुद्ध हरपत असेल, तर आधी दवाखाना आणि औषध. तिथं नमुन्यासाठी अडून बसायचं नाही.

आपलं काम काय ते न विचारता सांगायचं. शेळ्या आहेत, गाभडल्या आहेत, निरसं दूध पोटात गेलंय, उंदीर मेलेत, साचलेल्या पाण्यात उभं राहून काम केलंय, जे असेल ते.

नमुना नीट द्यायचा. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका. लघवी देताना आधी धुवायचं, पहिली धार सोडून मधली डबीत धरायची. डबी त्यांनी दिलेलीच वापरायची. घरची कितीही घासली तरी तिच्यात घरचे जंतू असतात. डबीवर आपलं नाव आणि तारीख आहे का ते बघूनच निघायचं. आणि आधी कुठल्या गोळ्या घेतल्या त्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यायची.

आलेला कागद जपून ठेवायचा. आमच्या गटात आता हप्त्याच्या वहीशेजारी प्रत्येकीची एक पिशवी आहे, तिच्यात हे कागद असतात. आणि औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरं करायचं. ब्रुसेलोसिसचं औषध मधेच सोडलं तर ताप परत येतो.

आता शेळ्यांचं. सरकारच्या मोहिमेत ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना टोचतात. ती अवश्य टोचून घ्या. शेळ्यांची काळजी मात्र आपल्याच हातात आहे. गाभडलेलं करडू आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, नाकातोंडाला पदर घट्ट बांधायचा, आणि मग तो पदर वेगळा उकळून धुवायचा. पोटुशी बाई आणि लेकरं त्या जागी नकोत. करडू आणि वार कुत्र्यांपुढं टाकायची नाही. खोल खड्डा, वर चुना, वर माती. जागा धुऊन काढायची. गाभडलेली शेळी बाकीच्यांपासून वेगळी बांधायची आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून तिचाही नमुना घ्यायला लावायचा. दूध चांगलं उकळी येईपर्यंत तापवायचं. धारोष्ण दूध ताकदीचं असतं म्हणून लेकरांना देतात, ते बंद.

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या मैत्रिणीच्या दोन शेळ्या गाभडल्या होत्या हे मघाशी सांगितलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा दारात त्यातली एकच उरली होती. दुसरी, ताप असतानाच, औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून तिनं आठवडी बाजारात विकली होती. तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. ती शेळी कुणाच्या दारात गेली, पुढं गाभण राहिली का, तिचं दूध कोण पितं, हे आम्हाला आजही माहीत नाही. आम्ही त्या बाजारात दोन वेळा जाऊन विचारून आलो, पत्ता लागला नाही.

म्हणून गटात ठराव केला की गाभडलेली शेळी तपासल्याशिवाय बाजारात न्यायची नाही, आणि जिची असेल तिचा तोवरचा हप्ता गट सांभाळेल. ठरावावर भांडण झालं. पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न खराच आहे. तरी अकरापैकी नऊ जणींनी हात वर केला. उरलेल्या दोघींशी बोलणं चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही बाजारातून उस्मानाबादी शेळी घेतली असेल, ती किंवा तुमची दुसरी कुठलीही शेळी गाभडली असेल, आणि घरात कुणाला संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी असेल, तर उद्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: आमच्या घरी शेळ्या आहेत.